न दिसणारा कोठावळा

खिशात मावणारे आणि कानाला तार लावून गाणी ऐकविणारे ते लहानसे यंत्र आज बहुतेक घरांतून कपाटाच्या खणात जाऊन पडले आहे. त्याचे काम मोबाईलने आपल्याकडे घेतले. ॲपल कंपनीने आपला पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जगापुढे ठेवला आणि मे २०२२ मध्ये त्या मालिकेतील अखेरचे यंत्रही बंद करीत असल्याचे जाहीर केले. अवघ्या वीस-एकवीस वर्षांचा हा संसार. परंतु खणातल्या त्या यंत्राच्या पोटात काय काय आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. कोणी त्यात वेचून वेचून नाट्यपदे भरलेली असतात, कोणी कीर्तने. काही यंत्रांना आवाज टिपून घेण्याचीही सोय होती. तेव्हा एखाद्या घरी आजीच्या तोंडच्या ओव्या त्यातच राहिलेल्या असणे अशक्य नाही. यंत्र धडधाकट आहे, आतला ठेवाही शाबूत आहे. मात्र ज्याने ते बनविले त्याचे लक्ष त्यावरून केव्हाच उडाले आहे. अशा वेळी त्या ठेव्याची किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच या महिन्यात एका अगदी अप्रसिद्ध कारागिरीची ओळख वाचकांस करून देण्याचे योजिले आहे.

अशा प्रत्येक यंत्रात एक कायमची आज्ञावली वसत असते. तिला फर्मवेअर म्हणतात. कळ दाबली की काय करावे, पडद्यावर काय लिहावे, हे सारे तीच ठरविते. या आज्ञावलीचे जे अनेक भाग असतात, त्यांतील एकास ‘स्टोरेज ड्रायव्हर’ असे नाव आहे. ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटार हाकणारा उभा राहतो; पण येथे कोठीघर सांभाळणाऱ्या कोठावळ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पंगतीत बसलेल्यास वाढपी दिसतो, आचाऱ्याचे नाव कानी पडते; कोठावळा मात्र कोणास दिसत नाही. तरीही कोणत्या डब्यात काय आहे हे त्यास ठाऊक नसेल, तर चूल पेटलेली असूनही पंगत उपाशी राहावयाची. गाण्याच्या यंत्रातही साठवणीतून योग्य तो तुकडा योग्य क्षणी काढून देणे आणि नवा तुकडा नेमक्या जागी ठेवणे, हे काम या ड्रायव्हरचे.

आता ज्या उद्योगाविषयी आम्ही लिहीत आहोत त्याचे नाव रॉकबॉक्स. २००१ च्या अखेरीस स्वीडनमधील काही प्रोग्रामरांनी तो आरंभिला. ब्यॉर्न स्टेनबर्ग, डॅनियल स्टेनबर्ग आणि लिनुस निल्सेन फेल्टसिंग ही त्यांतील प्रमुख नावे. आर्कोस या फ्रेंच कंपनीचे ‘ज्यूकबॉक्स’ नावाचे यंत्र त्यांच्याजवळ होते. त्यातील मूळ आज्ञावली त्यांना अपुरी वाटली आणि ती बदलण्याची मुभा नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःचीच आज्ञावली लिहावयास घेतली. जून २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती बाहेर आली. ती कोणीही पाहावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशा खुल्या परवान्यावर. हे लोक त्या कंपनीचे नोकर नव्हते. आपापला कामधंदा सांभाळून, फावल्या वेळात त्यांनी हे केले आणि पुढे अनेक देशांतील माणसे त्यांना येऊन मिळाली.

यातली खरी अडचण वाचकांनी ध्यानात घ्यावी. यंत्राच्या आत कोणती तार कोठे जोडली आहे, याचा कागद कंपनीने कोणास दिलेला नव्हता. मग यंत्र उघडून आतील चिपांवरची बारीक अक्षरे वाचावयाची. ज्या चिपेची माहितीपुस्तिका तिच्या निर्मात्याने प्रसिद्ध केली असेल ती मिळवून अभ्यासावयाची. आणि कंपनीची मूळ आज्ञावली सुटी सुटी करून, ती साठवणीशी कोणत्या क्रमाने बोलते हे टिपून घ्यावयाचे. कोठावळा न बोलता कोठीत ये-जा करतो आहे आणि आपण दाराबाहेर उभे राहून केवळ त्याच्या हालचालींवरून कोठीचा नकाशा काढावा, असे हे काम आहे.

आर्कोसच्या त्या यंत्रात संगणकात असते तशी हार्ड डिस्क होती. ‘ज्यूकबॉक्स ६०००’ या नमुन्यात ती ६ गिगाबाईटची होती, तर काम करावयाची स्मृती अवघी २ मेगाबाईट. डिस्कवरील मजकूर ५१२ बाईटच्या लहान लहान कप्प्यांत ठेवलेला असतो. त्यांस सेक्टर म्हणतात. ड्रायव्हरने प्रथम डिस्क कामात गुंतलेली नाही ना, हे विचारावयाचे. मग कितव्या क्रमांकाचा सेक्टर हवा ते सांगावयाचे. मग आज्ञा द्यावयाची. आणि डिस्कने ‘माल तयार आहे’ अशी खूण केली की तो दोन-दोन बाईटांच्या २५६ खेपांत उचलून आणावयाचा. खूण होण्यापूर्वी हात घातला तर हाती केरकचरा येतो, आणि खूण कधी आलीच नाही तर किती वेळ थांबावे, याचाही निर्णय आधीच करून ठेवावा लागतो.

येथे काटकसरीचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या गृहिणींस चटकन उमजेल. डिस्कची तबकडी फिरविण्यास बरीच वीज लागते. गाणे चालू असताना ती अखंड फिरत ठेवली तर बॅटरी लवकर संपावयाची. साधारण प्रतीचे एमपी-थ्री गाणे मिनिटाला सुमारे एक मेगाबाईट जागा घेते. म्हणजे २ मेगाबाईट स्मृतीत जवळजवळ दोन मिनिटांचे गाणे मावते. म्हणून तबकडी काही क्षण फिरवावी, स्मृती काठोकाठ भरून घ्यावी, तबकडी थांबवावी आणि भरलेले गाणे संपत येण्याच्या थोडे अगोदर ती पुन्हा फिरवावी. पुढील काही यंत्रांत ३२ मेगाबाईट स्मृती आली, तेव्हा तबकडीस सुमारे अर्धा तास विसावा मिळू लागला. एकदाच बाजारात जाऊन आठवड्याचे सामान भरणे आणि चिमूटभर मिठासाठी चारदा जिना उतरणे, यांतला हा फरक आहे. मात्र पुन्हा फिरू लागून वेग घेण्यास तबकडीस काही सेकंद लागतात. हा हिशोब चुकला की ताना घेता घेता गाणे मध्येच तुटते.

यंत्रांच्या लहरीही कमी नसतात. २००६ साली निघालेल्या ८० गिगाबाईटच्या व्हिडिओ आयपॉडमधील डिस्क बाहेरून ५१२ बाईटच्या सेक्टरांची भाषा बोले, पण आतील तिचे खरे कप्पे १०२४ बाईटचे. त्यामुळे मागणी जोडीनेच करावी लागे. जोडीतला एकच हवा असेल तर ड्रायव्हरने दोन्ही आणून अर्धा काढून द्यावयाचा. आणि अर्धाच लिहावयाचा असेल तर आधी पूर्ण जोडी वाचावयाची, तिच्यातील निम्मा भाग बदलावयाचा आणि सारे पुन्हा जागच्या जागी ठेवावयाचे. ऐकणाऱ्यास यातले काही कळत नाही. त्याने कळ दाबली, गाणे लागले, एवढेच.

ज्या यंत्रांत तबकडीऐवजी फ्लॅश स्मृती असते, तेथला कारभार निराळाच. या स्मृतीत लिहिलेल्यावर तसेच पुन्हा लिहिता येत नाही. लिहावयाचे पानापानाने, पण पुसावयाचा मात्र अनेक पानांचा पूर्ण गठ्ठा. शिवाय प्रत्येक गठ्ठा ठराविक वेळाच पुसणे सोसतो. त्यामुळे एकाच जागी वारंवार न लिहिता झीज सर्वत्र वाटून द्यावी लागते, आणि कोणते पान आज कोठे आहे याची खतावणी सतत ठेवावी लागते. एसडी कार्डाच्या पोटात ही खतावणी ठेवणारा स्वतंत्र कारकून असतो. पण २००६ च्या दुसऱ्या पिढीतील आयपॉड नॅनोत तसा कारकून नव्हता. सारा हिशोब कंपनीच्या आज्ञावलीकडे, आणि ती आज्ञावली सांकेतिक कुलपाआड. २००९ मध्ये काही चिकाटीच्या मंडळींना तिच्यात शिरण्याची वाट सापडली. त्यानंतर खतावणीची पद्धत उलगडून, अगदी तशीच खतावणी रॉकबॉक्सला ठेवावी लागली. कारण एक ओळ जरी निराळी पडली, तरी मूळ आज्ञावलीस सगळी कोठी अनोळखी होऊन बसावयाची.

वाचणे आणि लिहिणे यांतील जोखीम सारखी नाही. वाचताना चूक झाली तर गाणे लागत नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. लिहिताना चूक झाली आणि ती नेमकी ‘फॅट’ नावाच्या कोष्टकावर पडली, तर कोणता सेक्टर कोणत्या गाण्याचा हा पत्ताच पुसला जातो आणि क्षणार्धात सारे घर रिकामे दिसू लागते. म्हणूनच अनेक यंत्रांवर रॉकबॉक्सच्या कर्त्यांनी प्रथम केवळ वाचन चालू केले आणि खात्री पटल्यानंतरच लेखनास हात घातला. दुसऱ्याच्या ठेव्याविषयीची ही भीड आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याच्या गाण्यांना आपण हात लावणार, तो मनुष्य त्यांना कधी भेटणारही नव्हता.

या परिश्रमाचे फळ कोणास मिळाले? एक उदाहरण पुरे आहे. २००४ पासून रॉकबॉक्समध्ये याद्या बोलून दाखविण्याची सोय झाली. दृष्टिहीन मनुष्य कळ दाबतो आणि यंत्र त्यास ‘आपण कोठे आहात’ हे सांगते. फोल्डरांची नावेही आधी ध्वनिमुद्रित करून साठवून ठेवता येतात; ते नाव उच्चारण्यासाठी त्याचा लहानसा ध्वनीही साठवणीतूनच आणावा लागतो. म्हणजे तेथेही कोठावळाच धावतो. पडद्यावर विसंबून बनविलेले यंत्र ज्यांच्या उपयोगाचे नव्हते, त्यांच्या हाती ते परक्या माणसांनी वापरण्याजोगे करून दिले.

सर्वच जुने चिरकाल टिकते, असे मात्र कोणी समजू नये. ज्या आर्कोस यंत्रांपासून या उद्योगास आरंभ झाला, तीच पुढे नव्या आवृत्त्यांतून वगळण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये रॉकबॉक्सची ४.० ही आवृत्ती निघाली, तीत त्यांना जागा नाही. सांभाळणारे हात थोडे आणि यंत्रे पुष्कळ. तथापि जुन्या आवृत्त्या आणि त्यांचा मूळ मजकूर खुला ठेवलेला आहे. कोणास गरज पडली आणि शिकण्याची तयारी असली, तर दार बंद नाही. कंपनीने सोडून दिलेले यंत्र आणि खुल्या मंडळींनी सोडून दिलेले यंत्र, यांत हा भेद आहे.

आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडील जुन्या घरांतून मोडी कागदांची बासने अजून सापडतात. कागद टिकला, शाई टिकली. वाचणारा मात्र घरात उरला नाही, म्हणून ते मुके झाले. ज्यांनी मोडी शिकविण्याची पुस्तके लिहिली आणि वर्ग चालविले, त्यांच्यामुळेच त्यांतले काही कागद पुन्हा बोलू लागतात. यंत्रातील ठेव्याचेही तेच आहे. माल जपणे आणि तो वाचण्याची रीत जपणे, ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाचा आपणांस नेहमी विसर पडतो.

तेव्हा वाचकहो, खणात पडलेले ते यंत्र या सुटीत बाहेर काढावे. चालू होत असेल तर त्यातील घरचे आवाज प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावेत, आणि तेही एका ठिकाणी न ठेवता दोन ठिकाणी. यंत्रावर कोणताही प्रयोग करावयाचा तो त्यानंतरच. घरात शिकते मूल असेल तर त्यास सांगावे, की ज्यांची नावे पडद्यावर झळकत नाहीत अशा कामांतही बुद्धीला पुष्कळ वाव असतो, आणि आपण शोधलेली वाट पुढच्यासाठी लिहून ठेवणे हा त्या कामाचाच एक भाग असतो.