साडेचार स्टारची साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनला कामासाठी येणारा माणूस हल्ली गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर नकाशा उघडतो आणि मुक्कामाची जागा शोधतो. गावातल्या, वणीतल्या, पांढरकवड्यातल्या लॉजची नावं येतात, नावाखाली स्टार येतात. ४.३ वाल्याला फोन लागतो, ३.६ वाला राहून जातो. आत कुणी काय लिहिलं आहे, हे उघडून बघायची तसदी फारसं कुणी घेत नाही.

या आकड्याची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की, एक माणूस खोटं बोलेल, दहा बोलतील, पण सगळेच कसे बोलतील? सरासरीत लबाडी विरून जाते. पूर्वी खोली बघण्याआधीच बॅग खाली टाकावी लागायची, आता घरबसल्या कळतं, यापेक्षा आणखी काय हवं? उलट बाजूचे लोक तितक्याच ठामपणे सांगतात की हे सगळं विकत मिळतं, पैसे टाकले की पाच स्टार; तेव्हा एकही रिव्ह्यू वाचू नये, ओळखीच्या माणसाला फोन करावा.

मला हे दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. रिव्ह्यू ही साक्ष आहे. साक्षीदार पारखल्याशिवाय साक्ष मानायची नसते, आणि पारखता येत असताना ती फेकूनही द्यायची नसते. मोठ्या शहरात ही पारख केली नाही तरी एखादी रात्र वाईट जाते आणि दुसऱ्या दिवशी हॉटेल बदलता येतं. मुकुटबनसारख्या गावी मुक्कामाची सोयच मोजकी. तिथे चुकीची निवड म्हणजे कामाचा आठवडा खराब.

आधी सरासरीचं बघू. नागपुरातल्या एखाद्या हॉटेलला चार हजार लोकांनी स्टार दिले असतील आणि सरासरी ४.२ असेल, तर आणखी एकाने रागाने एक स्टार दिला तरी आकडा जागचा हलत नाही. लहान गावातल्या लॉजला मात्र पाच जणांनी स्टार दिलेले असतात. चौघांचे पाच-पाच, एकाचा एक. सरासरी तीच, ४.२. आता सहाव्याने एक स्टार दिला की आकडा थेट ३.७ वर येतो. खोली तीच, गादी तीच, मालक तोच. एका माणसाच्या एका संध्याकाळच्या रागावर लॉजची पत ठरली. पडद्यावर मात्र दोन्ही ४.२ सारखेच दिसतात, एकाच रंगाचे, एकाच आकाराचे.

आणि संख्या मोठी असली की लबाडी विरते, हेही सरसकट खरं नाही. लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या लेखकाने स्वतःच्या अंगणातल्या शेडला उपाहारगृहाचं नाव दिलं आणि ओळखीच्यांकडून ट्रिपॲडव्हायजरवर रिव्ह्यू लिहून घेतले. तिथे ना स्वयंपाकघर होतं, ना गिऱ्हाईक. तरी २०१७ साली ती जागा त्या संकेतस्थळाच्या यादीत लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. मोजपट्टीचाही प्रश्न आहे. बुकिंग डॉट कॉमवर २०१९ पर्यंत पाहुण्याने प्रत्येक बाबतीत सर्वांत वाईट मत दिलं तरी गुण २.५ च्या खाली जात नसत, कारण पट्टीच तिथून सुरू होत होती. एअरबीएनबीवरच्या जागांचा २०१५ साली अभ्यास झाला, तेव्हा जवळजवळ ९५ टक्के जागांची सरासरी साडेचार किंवा त्याहून वर निघाली. जिथे सगळेच पहिल्या वर्गात पास होतात, तिथे पहिला वर्ग निवडीच्या काय कामाचा?

मुकुटबनच्या बाबतीत याहून मोठी अडचण आहे, ती लिहिणारा कोण याची. झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव. सिमेंटचा मोठा कारखाना इथे २०२२ साली सुरू झाला, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा. त्यामुळे इथे येणारा पाहुणा बहुतांशी कामाचा आहे: यंत्र बसवायला आलेला फिटर, ठेकेदाराचा सुपरवायझर, ट्रकवाला, बँकेचा तपासनीस, औषध कंपनीचा प्रतिनिधी, बदलीवर आलेला आणि घर मिळेपर्यंत लॉजवर राहणारा शिक्षक. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ बघायला येणारे हौशी पर्यटक पांढरकवड्याकडून जातात, त्यांची वाट वेगळी. इथला पाहुणा खोली ॲपवरून घेत नाही. फोन करून नाहीतर थेट काउंटरवर येऊन घेतो, आठवडा-महिन्याचा हिशेब तोंडी ठरवतो. म्हणून, जिथे बुकिंग केलेल्या पाहुण्यालाच मत देता येतं अशा संकेतस्थळांवर इथल्या जागांबद्दल जवळजवळ काहीच सापडत नाही. उरतो तो नकाशा, आणि नकाशावर कुणीही लिहू शकतो, राहिलेला आणि न राहिलेला. म्हणजे निवड जिथे सर्वांत कमी, तिथेच साक्षही सर्वांत कच्ची.

त्या नकाशावर लिहितं कोण? महिनाभर राहिलेला फिटर लिहीत नाही. त्याला वेळ नाही, आणि खोलीचं भाडं ठेकेदार भरतो. लिहितो तो बहुधा गावचाच माणूस, ज्याने त्या लॉजमध्ये कधी रात्र काढलेली नसते. त्याने तिथल्या हॉलमध्ये पुतण्याचा वाढदिवस केलेला असतो किंवा खाली जेवण केलेलं असतं. एक लॉज घ्या, नाव कुणाचंच नको. पान उघडलं की ‘गुड’, ‘नाइस’, एक अंगठा, ‘बेस्ट लॉज’, केकचा फोटो, तर्रीच्या वाटीचा फोटो. पाचपैकी पाच. खोलीतली गादी, संडास, पंखा यांच्याबद्दल एक शब्द नाही. गूगलच्या लोकल गाइड योजनेत रिव्ह्यू लिहिला की गुण जमा होतात. त्या गुणांपायी पेट्रोल पंप, एटीएम, देऊळ आणि लॉज अशा सगळ्यांना एकाच दुपारी पाच स्टार देत सुटलेली माणसंही त्यात असतात.

इथे मला दुसऱ्या पक्षाशी भांडायचं आहे. ते म्हणतात, हे सगळं पेड. त्यांच्याकडे पुरावा नाही असं नव्हे. इटलीत लेच्चेच्या न्यायालयाने २०१८ साली हॉटेलांना खोटे रिव्ह्यू विकणाऱ्याला नऊ महिन्यांची कैद सुनावली. आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत गेल्या काही वर्षांत ‘टास्क’च्या नावाखाली फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. मोबाइलवर निरोप येतो, अमुक हॉटेलला पाच स्टार द्या, प्रत्येक रिव्ह्यूचे शे-दीडशे रुपये घ्या. सुरुवातीला पैसे खरोखर खात्यात येतात, मग मोठ्या कामासाठी आधी रक्कम भरायला सांगतात आणि माणूस लाखांनी बुडतो. शिकलेली माणसं या गळाला लागली, कारण स्टार विकत घेतले जातात हे त्यांना खरंच वाटत होतं.

पण यावरून सगळीकडे सारखाच खोटेपणा आहे असं ठरत नाही. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हेलिए या अभ्यासकांनी २०१४ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात एक तुलना छापली. ट्रिपॲडव्हायजरवर कुणीही लिहू शकत होतं, एक्स्पिडियावर बुकिंग केलेलाच. एकाच हॉटेलबद्दल दोन्हीकडे काय लिहिलं गेलं, ते त्यांनी तपासलं. शेजारी स्पर्धक हॉटेल असलं, त्यातही ते लहान मालकाचं असलं, की त्याच्या शेजाऱ्याबद्दलचे वाईट रिव्ह्यू कुणीही लिहावं अशा जागी जास्त निघाले. खोटेपणा जिथे फायदा आहे तिथे साचतो, असा त्याचा अर्थ. मग मुकुटबनला फायदा कुणाचा? दारात दारं लागलेली पन्नास हॉटेलं इथे नाहीत. रिव्ह्यू विकत घ्यायला पैसे घालवावेत इतका त्याचा उपयोगही नाही.

इथला खोटेपणा भिडेचा आहे. लॉजवाला कुणाच्या मामेभावाचा साडू, कुणाचा शाळासोबती, कुणाला उधारीवर जेवू घालणारा. बाजारात रोज समोर येणाऱ्या माणसाला आपल्या नावानिशी दोन स्टार कोण देणार? मग पाच द्यायचे, नाहीतर गप्प बसायचं. लहान गावात वाईट मत स्टारमध्ये उतरत नाही, ते न लिहिलेल्या जागेत राहतं. शहरातली पैशाची लबाडी आणि गावातली भीड यांना एकाच काठीने हाकणाऱ्याला दोन्ही कळलेल्या नाहीत. पैशाच्या लबाडीवर कायदा हवा. भिडेवर कायदा चालत नाही. तिच्यावर उपाय एकच, ज्याला भीड नाही त्याने लिहायचं.

‘ओळखीच्याला फोन करा’ हा सल्लाही म्हणूनच अपुरा आहे. ओळखीचा माणूस त्याच भिडेत अडकलेला असतो, आणि त्यानेही त्या लॉजमध्ये रात्र काढलेली नसते. त्याचं घर गावातच आहे. शिवाय ज्याची गावात ओळखच नाही त्याने काय करायचं? पहिल्यांदाच एकटी बँकेच्या कामाला आलेली बाई कुणाला फोन करणार?

ऐकीव माहितीवर कधी विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानलं, पण तो आप्ताचा असेल तरच. आप्त कोण? ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात हेही स्पष्ट केलं की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. तिथे कुळ, हुद्दा, प्रतिष्ठा बघायची नाही. मुकुटबनच्या लॉजबद्दल तेलुगू-हिंदी मिसळून मोडक्या वाक्यात लिहिणारा ट्रकवाला आप्त असू शकतो, आणि पाच स्टार देऊन ‘बेस्ट’ लिहिणारा गावातला मोठा माणूस नसू शकतो.

मग आप्त ओळखायचा कसा? त्याने काय पाहिलं यावरून. समजा एका रिव्ह्यूत असं आहे: मे महिन्यात आठ दिवस राहिलो, दुपारी लाइन गेली की वरच्या मजल्याचा कूलर बंद पडतो, जनरेटर फक्त खाली, प्यायला कॅनचं पाणी, रात्री कॅन संपला की सकाळशिवाय मिळत नाही, सांगितल्यावर मालकाने खालची खोली दिली, अंगणात ट्रक मावतो. स्टार तीनच. मी हा तीन स्टारचा रिव्ह्यू पन्नास ‘नाइस’च्या वर धरीन. महिना सांगितला आहे, आणि विदर्भात ते फार मोलाचं, कारण जानेवारीत राहून गेलेल्याला मेमधल्या पंचेचाळीस अंशांतली खोली कळत नाही. पाण्याचं सांगितलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत भूजलात फ्लोराइडचा जुना त्रास आहे, तेव्हा बोअरचं की आरओचं हा प्रश्न इथे चोचल्याचा नाही. तक्रार केल्यावर काय झालं तेही आहे. हे सगळं खोलीत न राहता लिहिता येत नाही.

उलट काही रिव्ह्यू जागेबद्दल नसतातच. ‘क्राउड बरोबर नाही’, ‘लेबर लोक राहतात’, ‘फॅमिलीसाठी नाही’. अशा वाक्याने लॉजचं काहीच कळत नाही, लिहिणाऱ्याची नजर तेवढी कळते. ज्या कामगारांच्या हातांवर हा तालुका सिमेंट पाठवतो, ते जिन्यात दिसले म्हणून स्टार कापणाऱ्याची साक्ष मी धरणार नाही, आणि वाचकानेही धरू नये. बायकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, पण तो नेमका लिहावा: दाराला आतून कडी आहे का, काउंटरवर रात्री कोण असतं, जिन्यात दिवा आहे का.

एक आक्षेप भल्या माणसांकडून येतो. लहान मालकाच्या पोटावर पाय कशाला? मुद्दा खोटा नाही. मायकल लुका यांच्या २०११ च्या अभ्यासात येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की स्वतंत्र उपाहारगृहाचं उत्पन्न पाच ते नऊ टक्के वाढल्याचं निघालं, साखळी उपाहारगृहांना मात्र फरक पडला नाही. म्हणजे स्टारचा मार लहानालाच बसतो. पण म्हणूनच एक स्टार आणि ‘बेकार’ हा शब्द टाकून निघून जाणं अन्याय आहे, आणि ‘गीझर चालत नव्हता’ असं लिहिणं न्याय. गीझर दुरुस्त करता येतो. ‘बेकार’ला मालक काय उत्तर देणार? सवलत दिली नाही तर रिव्ह्यू टाकतो, असं काउंटरवर धमकावणारे पाहुणे आणि बिलासोबत क्यूआर कोड पुढे करून पाच स्टार मागणारे मालक, दोघेही एकाच साक्षीची खोटी नाणी पाडतात.

सरकारने काही केलं नाही असं नाही. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झालं. रिव्ह्यू गोळा कसे करावेत, तपासावेत कसे, छापावेत कसे, याचे नियम त्यात आहेत. पण ते आलं ऐच्छिक म्हणून. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदीच घातली, दंडासकट. आपल्या मानकालाही तसे दात हवेत. मात्र तसा नियम इथे आला तरी तो मुकुटबनच्या भिडेला हात लावू शकणार नाही.

म्हणून ही विनंती त्यांना, जे कामासाठी इथे येतात आणि आठ-पंधरा दिवसांनी निघून जातात. तुम्हाला इथे कुणाची भीड नाही. हिशेब चुकता केल्यावर गाडी सुटायच्या आधी चार ओळी मराठीत, हिंदीत, तेलुगूत, जमेल तशा लिहा. कोणत्या महिन्यात राहिलात, किती दिवस, पाणी कसलं, लाइन गेल्यावर काय होतं, संडास कसा, तक्रार केल्यावर मालक काय म्हणाला. चांगलं होतं तेही लिहा. स्टार किती द्यायचे ते शेवटी ठरवा.