नाव, पैसा आणि डेझी

मराठी भाषेत 'नाव' या दोन अक्षरी शब्दाला जेवढी कामे करावी लागतात, तेवढी घरच्या थोरल्या सुनेलाही करावी लागत नसतील. मुलगा शिकून मोठा झाला, की तो घराण्याचे नाव काढतो. चार गावांत त्याचे नाव होते. ते झाले, की शेजारीपाजारी त्याला नावे ठेवू लागतात. लग्नानंतर मुलगी नवऱ्याचे नाव लावते. आणि एखाद्याशी कायमचा संबंध तोडायचा झाला, म्हणजे आपण त्याचे नावच टाकतो. वाक्प्रचारांच्या तासाला मी ही यादी फळ्यावर लिहितो, आणि दर वेळी मला एका अमेरिकन गृहस्थाची आठवण होते. या यादीतले बहुतेक सारे वाक्प्रचार त्याच्या तीस-बत्तीस वर्षांच्या आयुष्यात येऊन गेले. या गृहस्थाचे नाव गॅट्सबी.

गृहस्थ खरा नव्हे, कादंबरीतला. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. म्हणजे २०२५ साली तिने शंभरी गाठली. पुष्कळ वाचकांची तिच्याशी ओळख पडद्यावर झाली असेल. २०१३ सालच्या चित्रपटात आपले अमिताभ बच्चन मायर वुल्फशाइम नावाच्या एका बड्या जुगाऱ्याच्या भूमिकेत थोडा वेळ दिसून गेले होते. या वुल्फशाइमला वाचकांनी लक्षात ठेवावे. शेवटी त्याचे काम पडणार आहे. आणि काम पडताच तो येणार नाही, हेही आताच सांगून ठेवतो.

१९२२ सालचा उन्हाळा आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड या बेटावर, खाडीच्या दोन बाजूंना फिट्झजेराल्डने दोन काल्पनिक वस्त्या वसवल्या आहेत. ईस्ट एगमध्ये पिढीजात श्रीमंत राहतात, आणि वेस्ट एगमध्ये कालपरवा श्रीमंत झालेले. वेस्ट एगमध्ये गॅट्सबीचा राजवाड्यासारखा बंगला आहे. शेजारच्या लहानशा घरात महिना ऐंशी डॉलर भाड्याने निक कॅरावे नावाचा तरुण राहतो, आणि सारी कथा तोच आपल्याला सांगतो. शनिवार आला, की गॅट्सबीच्या बागेत दिवे लागतात, वाद्यवृंद येतो, शेकडो माणसे मोटारींतून उतरतात. शुक्रवारी पुढल्या दाराने संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या आत जातात, आणि सोमवारी मागल्या दाराने त्यांच्या नुसत्या सालींचा ढीग बाहेर पडतो. पाहुण्यांपैकी बहुतेकांना आमंत्रण नसते, आणि कित्येकांना यजमान दिसायला कसा आहे हेही ठाऊक नसते. असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण अमेरिकेतही लागू पडते ती अशी.

ही भुते नुसती जेवत नाहीत, बोलतातही. यजमानाने म्हणे एका माणसाचा खून केला आहे. युद्धात तो म्हणे जर्मनांचा हेर होता. तो म्हणे कैसरच्या नात्यातला आहे! म्हणजे गॅट्सबीचे नाव झाले यात शंका नाही. पण प्रतिष्ठा मात्र मिळाली नाही. मराठीच्या मास्तराने येथे थोडी व्युत्पत्ती सांगितली तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. प्रतिष्ठा या शब्दात 'स्था' धातू आहे. स्था म्हणजे उभे राहणे. पायाखाली पक्की जमीन असल्यावाचून प्रतिष्ठा नाही. बोलबाल्याला जमीन लागत नाही. तो तोंडातोंडी हिंडत असतो. गॅट्सबीने तीन वर्षांच्या कमाईत बंगला विकत घेतला, पण खाडीपलीकडच्या लोकांच्या लेखी त्याच्या पायाखाली जमीन कधीच नव्हती.

मुळात त्याचे नावही गॅट्सबी नव्हते. नॉर्थ डाकोटातल्या एका गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा, जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी लेक सुपीरियरच्या काठाला एका धनिकाची नौका लागलेली त्याने पाहिली, आणि त्या धनिकापुढे उभे राहताना स्वतःला नवे नाव देऊन टाकले. पुढे १९१७ साली सैन्यातला अधिकारी म्हणून तो केंटकीतल्या लुईव्हिल शहरी आला. गणवेषाची एक सोय असते. आतला खिसा रिकामा आहे हे कोणाला दिसत नाही. तेथे श्रीमंत घरातली डेझी त्याला भेटली, दोघांचे प्रेम जमले, आणि तो युद्धावर गेला. युद्ध संपले तरी त्याचे परतणे लांबत गेले. डेझी काही काळ थांबली. मग शिकागोचा टॉम ब्यूकॅनन आला, आणि जून १९१९ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केले.

त्या लग्नाच्या आदल्या दिवसाचा प्रसंग फार थोड्या ओळींत सांगितलेला आहे. टॉमने साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा कंठा दिलेला असतो. डेझी तो केराच्या टोपलीत टाकते, कधी नव्हे ती दारू पिते, आणि हातातले एक पत्र काही केल्या सोडत नाही. मैत्रीण तिला थंड पाण्यात बसवते, तेथेही पत्र मुठीत असते. शेवटी त्याचा ओला लगदा होऊन तुकडे पडू लागतात, तेव्हा ती ते सोडते. अर्ध्या तासाने गळ्यात कंठा घालून ती बाहेर येते. पत्र कोणाचे, हे लेखक तेथे सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

गॅट्सबीने यातून एकच अर्थ काढला. मी गरीब होतो म्हणून ती गेली. श्रीमंत झालो की ती परत येईल. हिशोब सोपा होता. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात वुल्फशाइमच्या भागीदारीत त्याने औषधाच्या दुकानांतून चोरटी दारू विकली, आणखीही कसले कसले धंदे केले आणि पैसा उभा केला. बंगला घेतला तो डेझीच्या घराच्या बरोबर समोर, खाडीच्या अलीकडे. रात्री तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा तो पाहत उभा राहतो. ते दर शनिवारचे जेवणही, कधीतरी ती वाट चुकून येईल या आशेवर घातलेले आहे.

पुढे निकच्या मध्यस्थीने दोघांची भेट होते, जुने प्रेम पुन्हा जागे होते, आणि येथे गॅट्सबीची खरी मागणी बाहेर येते. डेझीने टॉमला सोडावे, एवढ्यावर त्याचे समाधान नाही. माझे तुझ्यावर कधीच प्रेम नव्हते, असे तिने टॉमला तोंडावर सांगावे. आणि मग दोघांनी लुईव्हिलला परत जाऊन, पाच वर्षांपूर्वी जे राहून गेले ते तेथून पुढे सुरू करावे. मधली पाच वर्षे जणू झालीच नाहीत!

ही कथा वर्गात सांगितली, की मुले डेझीला तत्काळ दोषी ठरवतात. पैशावर भाळली, दुसरे काय! एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण मधल्या वर्षांत तिचे काय झाले, हे त्याने तिला कधी विचारले का?" त्या तासाला मला पुढे फारसे शिकवावे लागले नाही.

कादंबरीत आपल्याला जे प्रसंग दिसतात, त्यांत तो तसे विचारत नाही. त्या पाच वर्षांत डेझीने नवरा पाहिला, नवऱ्याची बाहेरची प्रकरणे पाहिली, परगावी संसार केला, आणि तिला एक मुलगी झाली. ही मुलगी एका दुपारी दाई गॅट्सबीसमोर आणते. तो पोरीकडे आश्चर्याने पाहत राहतो. निकला वाटते, अशी मुलगी खरोखर आहे यावर याचा आजवर विश्वासच नव्हता. मला सबंध पुस्तकात याहून बोलका प्रसंग आढळत नाही. स्वतःचे नाव बदलले, गाव बदलले, जिवंत आईबापांना मृत ठरवले. अशा माणसाला वाटते, की दुसऱ्याचा भूतकाळही असाच खोडून टाकता येईल. पण तीन वर्षांची पोर काही खोडता येत नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात, भर उन्हाळ्याच्या दुपारी, मामला समोरासमोर येतो. डेझी ते वाक्य कसेबसे बोलते, आणि लगेच तिला ते पेलत नाही. दोघांवरही आपले प्रेम होते, एवढे ती रडत कबूल करते. ती खरे बोलते ते बहुधा तेथेच, आणि गॅट्सबीला नेमके तेच नको असते. मग टॉम त्याच्या दारूच्या धंद्याचे वाभाडे काढतो, आणि डेझी मनाने मागे सरते.

प्रतिष्ठेचा खेळही येथेच उघडा पडतो. टॉमने बाहेर बाई ठेवली आहे, हे त्याच्या घरी जेवायला येणाऱ्यांना ठाऊक असते. त्या बाईच्या नाकावर उघड्या हाताने मारून त्याने रक्त काढलेले निकने डोळ्यांनी पाहिलेले असते. तरी त्याच्या नावाला डाग नाही. गॅट्सबीच्या पैशाचा उगम विचारला जातो; टॉमच्या पैशाचा उगम कोणी विचारत नाही, कारण तो आजोबा-पणजोबांच्या काळात कोठेतरी झाकला गेलेला असतो. जुना पैसा पापे धूत नाही, फक्त ती बोलायची चोरी करतो.

शेवट वाचकांना ठाऊक असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो. परतीच्या वाटेवर गॅट्सबीच्या मोटारीखाली टॉमची तीच बाई सापडून मरते. मोटार डेझी चालवत असते. आळ गॅट्सबी स्वतःवर घ्यायला तयार होतो. त्या बाईच्या नवऱ्याला टॉम मोटारीच्या मालकाचे नाव सांगतो, आणि तो गॅट्सबीला त्याच्याच पोहण्याच्या तलावात गोळी घालतो. डेझी आणि टॉम पत्ता न ठेवता गाव सोडून जातात. ना निरोप, ना एक फूल. वुल्फशाइम अंत्ययात्रेला यायचे नाकारतो. त्या घरात महिनोन्‌महिने राहिलेला एक पाहुणा फोन करतो, तो आपले राहिलेले टेनिसचे बूट मागायला. शिते संपली, भुते पांगली.

येतो तो बाप. मिनेसोटाहून, वर्तमानपत्रात बातमी वाचून. निक त्याला 'मिस्टर गॅट्सबी' म्हणतो, तेव्हा म्हातारा आपले नाव गॅट्झ असल्याचे सांगतो. मुलाने ज्याचे नाव टाकले, तोच मुलाच्या मागे उभा राहायला येतो! त्याच्याजवळ मुलाचे लहानपणचे एक पुस्तक असते. मागच्या पानावर १९०६ सालचे वेळापत्रक: पहाटे उठायचे, व्यायाम करायचा, विजेचा अभ्यास करायचा, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकायचे. त्यातले पाच खोडून तीन केलेले. आणि सर्वांत शेवटी, आईवडिलांशी अधिक चांगले वागायचे. म्हातारा ते अभिमानाने वाचून दाखवतो.

फिट्झजेराल्डला हे सारे सुचले त्यात नवल नाही. अलाबामातल्या एका न्यायाधीशाच्या मुलीने, झेल्डाने, पुरेसा पैसा नाही म्हणून १९१९ साली त्याच्याशी ठरलेले लग्न मोडले होते. १९२० च्या मार्चमध्ये पहिली कादंबरी निघाली, नाव झाले, आणि सुमारे आठवडाभरात लग्न लागले. म्हणजे गॅट्सबीचा हिशोब त्याच्या बाबतीत बरोबर ठरला होता, आणि तरीही पाच वर्षांनी त्याने हीच कादंबरी लिहिली. ती तेव्हा फारशी खपली नाही. १९४० च्या डिसेंबरात, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला, तेव्हाही दुसऱ्या छपाईच्या काही प्रती गोदामात पडून होत्या. पुढे महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तिच्या सुमारे दीड लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या, आणि मग तिचे नाव झाले ते आजतागायत.

मी आता त्याच वयाच्या आसपास आहे. या वयात प्रत्येकाच्या मनात एखादे लुईव्हिल असते, आणि खिशात पूर्वीपेक्षा चार पैसे अधिक असतात. दिवाळीत जुनी माणसे भेटतात. कोणी बंगला दाखवतो, कोणी मोटार. दाखवावी, त्यात गैर काही नाही. पण समोरच्यालाही मधली वर्षे जगावी लागलेली असतात. ती कशी गेली, एवढे विचारावे, आणि तो सांगत असेल ते मध्येच न तोडता ऐकावे. गॅट्सबीपाशी सारे होते. हे विचारायचे तेवढे राहून गेले.