मेटलला चेलोचं सर्टिफिकेट नकोय

"मला ते मेटल वगैरे झेपत नाही बुवा, पण हे चेलोवालं मस्त आहे हां!" असं म्हणणारा प्रत्येक ऑफिसात एक तरी असतोच. वर पुस्ती जोडतो, की क्लासिकलवाल्यांनी हात लावला की गोंगाटाचंसुद्धा संगीत होतं. इथे माझं डोकं फिरतं.

म्हणजे मूळ गाणं गोंगाट होतं, आणि कुणीतरी सूट घालून, खुर्चीवर बसून वाजवलं म्हणून ते शुद्ध झालं? लावणी फडात ऐकायची लाज वाटते, पण ख्याल गाणाऱ्या बाईंनी बैठकीत म्हटली की 'वा, काय नजाकत!' म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. नजाकत आधीही होती राव, तुम्हीच तिकडे फिरकला नव्हतात.

गंमत म्हणजे ज्या अपोकॅलिप्टिकामुळे हा प्रकार जगभर गाजला, त्यांच्या डोक्यात असलं काही नव्हतं. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत चेलो शिकणारी पोरं 1993 मध्ये एकत्र आली ती मेटॅलिकाच्या प्रेमापोटी. 1996 चा पहिला अल्बम नुसता चार चेलोंवर. ड्रम्स नाहीत, गायक नाही.

तो नीट ऐका. चेलोची सगळ्यात खालची तार साधारण 65 हर्ट्झला लागते, गिटारची नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये 82 ला. म्हणजे खर्जात चेलो गिटारच्याही खाली उतरतो. गिटारवाला तळहाताने तारा दाबून जो बंद ठोका काढतो, तो इथे गजाच्या मुठीजवळच्या भागाने आखूड फटके मारून आणावा लागतो. घोडीजवळ गज रेटला की तार करकरते. जी करकर घालवायला विद्यार्थी वर्षानुवर्षं घासतात, तीच इथे मुद्दाम आणायची, कारण डिस्टॉर्शनचं काम तीच करणार. (आमच्या धंद्याच्या भाषेत हे खरं पोर्टिंग. नुसती स्किन बदलणं नव्हे.)

आणि स्किन बदलणारेच जास्त! रिफ घासून गुळगुळीत करायचा, वर व्हायोलिनची साय पसरायची, की झालं हॉटेलच्या लॉबीत लावायचं कव्हर. 'मास्टर ऑफ पपेट्स' हे माणूस व्यसनाच्या हातातलं बाहुलं होतो त्याचं गाणं आहे हो. ते ऐकून कॉफी गोड लागत असेल तर वाजवणाऱ्याने काहीतरी घोळ केलाय.

टूचेलोजचा 2014 चा 'थंडरस्ट्रक'चा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. दोघे वाजवतात जबरदस्त, वादच नाही. पण त्यातला विनोद कशावर उभा आहे? जुन्या दरबारी थाटाची मैफल, विग घातलेले श्रोते आणि त्यांची उडालेली भंबेरी. म्हणजे पुन्हा तेच: वर उच्चभ्रू, खाली एसी/डीसी. ही उतरंड मनात नसेल तर हसायचं कशाला?

"अरे पण त्यानिमित्ताने लोक मेटलकडे वळतात ना?" वळत असतील काही. बाकीचे 'चेलोवालं' ऐकून तिथेच थांबतात, आणि आपण मेटल ऐकलं असं समजतात.

असो. अपोकॅलिप्टिकाने मात्र 2003 च्या 'रिफ्लेक्शन्स'मध्ये ड्रम्सवर स्लेयरच्या डेव्ह लोंबार्डोला बसवलं. आता सर्टिफिकेट कुणी कुणाला दिलं, ते तुम्हीच ठरवा.