फ्लेक्सचा दर आहे, अक्षरांचा का नाही?

आमच्या तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, दवाखान्याचा बोर्ड, उर्दू शाळेची प्रवेशाची जाहिरात, नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, गणेश मंडळाची कमान आणि उरुसाचं पोस्टर हे सगळं बसस्टँडमागच्या एका गाळ्यातून बाहेर पडतं. पाटीवर 'ॲडव्हर्टायझिंग अँड डिझाइन' असं भारदस्त लिहिलंय. आत माणसं तीन.

मालकाचे वालिद कातिब होते. उर्दू अखबाराचं पान बोरूने हाताने लिहायचे. दुसरे पेंटरकाका. एकेकाळी बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या ब्रशने रंगवलेल्या होत्या. फ्लेक्स आला आणि ब्रश सुटला. आता ते बोर्ड बसवायला जातात. पण मराठी मजकूर छपाईला जाण्याआधी कॉम्प्युटरमागे उभे राहून 'हा रफार शेजारच्या घरात गेलाय, त्याला परत आण' असं सांगणारे तेच. तिसरी माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत शिकली, मराठी माझ्याकडेच. दोन्ही लिप्यांचं कंपोझिंग ती करते.

गिऱ्हाईक आत येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "स्क्वेअर फुटाचा दर काय?" दुसरा प्रश्न नसतोच, गृहीत असतं: डिझाइन फ्री. कापडाचे पैसे द्यायचे आणि शिलाई फुकट मागायची, असं आपण टेलरकडे कधी करतो का?

या फुकटात काय काय येतं ते सांगते. नस्तालीकमध्ये शब्द सरळ रेषेत बसत नाही, उजवीकडून डावीकडे उतरत जातो, आणि अक्षराचं रूप शेजारच्या अक्षरावर ठरतं. म्हणून तर १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक कॉम्प्युटरवर आणलं तेव्हा सुमारे २० हजार जोडाक्षरं आधी हाताने लिहावी लागली. १९९४ मध्ये इनपेज आलं आणि आपल्याकडच्या लहान दुकानांतही उर्दू टाइप होऊ लागली. तरीही मोबाइलवरून कॉपी केलेला मजकूर जुन्या कोरलड्रॉमध्ये टाकला की अक्षरं सुटी होऊन उलटी उभी राहतात. वाचता येत नसलेल्याला ती तरीही 'उर्दू' दिसते, आणि छापली जाते. त्यात नुक्त्याचा खेळ. पत्रिकेत 'दुआ' लिहिताना ऐनवर एक ठिपका पडला की त्याची 'दगा' होते. वधूपित्याला हे मांडवात कळू नये म्हणून कुणीतरी रात्री अकराला डोळे फोडून प्रूफ वाचलेलं असतं. बिलात त्याची ओळ नसते.

मराठीचं तरी वेगळं काय? कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना असं रूप दिलं की जाहिरातीतल्या अक्षरांच्या वळणावरून लोक नाटक ओळखायचे. उल्का या जाहिरात संस्थेत काम केलेले र. कृ. जोशी यांनी मंगल हा फाँट केला. विंडोजवर कितीतरी वर्षं आपण तोच वाचला. त्यांचं नाव माझ्या स्टाफरूममध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही भाषेचे शिक्षक!

कामाची उणीव नाही. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तीही इतर भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. १५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवरचं उर्दू कायम ठेवलं, भाषा म्हणजे धर्म नव्हे हेही स्पष्ट सांगितलं. आम्ही आनंदाने निकाल फॉरवर्ड केला. छान. पण पाटीवर उर्दू राहण्याचा हक्क कोर्टाने दिला, ती शुद्ध लिहायला माणूस कोण ठेवणार?

आपल्या जलशांत दरवेळी रडगाणं असतं की उर्दू शिकून पोरांना रोजगार मिळत नाही. वक्त्याच्या मागे लावलेल्या बॅनरवरची उर्दू बहुतेक वेळा तुटलेली असते. रोजगार तिथेच, त्याच बॅनरवर टांगलेला असतो! मराठी आणि उर्दू दोन्ही अचूक लिहिणारी मुलं आपल्या शाळांतून निघतात. ती कमी असतील, पण आहेत. त्यांच्या या कौशल्याला शाळा, मस्जिद कमिट्या, शादीखाने, पतसंस्था यांनी आधी पैसे द्यायला हवेत. आपणच दिले नाहीत तर बिल्डर आणि मॉलवाले का देतील?

मालक म्हणतात, "टीचर, मी डिझाइनचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं." खरं आहे. त्यांनी एकट्याने दर लावून भागणार नाही. मागणाऱ्याने आपणहून विचारायला हवं. विशेषतः ज्यांच्याकडे संस्थेचा पैसा आहे त्यांनी घासाघीस करताना थोडी लाज बाळगावी. मंडपाच्या झालरीला मोजतो त्यातला एक तुकडा इकडे वळवला तरी पुरे.

माझ्या विद्यार्थिनीला मोबाइलच्या शोरूममधून बोलावणं आलंय. पगार इथल्यापेक्षा जास्त, आणि रात्रीचं प्रूफ नाही. तिने अजून हो म्हटलेलं नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायची आहे. कोटेशनमध्ये 'डिझाइन व प्रूफ' अशी वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम टाका, असं मी मालकांना सांगितलं. त्यांनी टाकली, तीही भीतभीत. कागद सध्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे.