जुन्या यंत्रगायकांचे जलसे

युरोप व अमेरिका या खंडांतील मोठ्या शहरांतून गेल्या वीसेक वर्षांत एक चमत्कारिक गर्दी पाहावयास मिळते. ज्यांचे केस पिकले आहेत, ज्यांच्या मांडीवर नातवंडें खेळतात, असे स्त्रीपुरुष हजारोंच्या संख्येनें रात्रीच्या जलशांस लोटतात, आणि आपल्याहूनहि वयानें वडील असलेल्या गायकांबरोबर चाळीस वर्षांपूर्वींचीं गाणीं उभ्यानें गातात. हीं गाणीं बहुतेक सिंथेसायझर नांवाच्या विजेच्या वाद्यावर रचिलेलीं असून त्या संगीतास सिंथ-पॉप असें म्हणतात. या जलशांस जावें कीं न जावें, तेथें जाणें म्हणजे आपल्या गेलेल्या तारुण्याची पूजा करणें होय कीं दुसरें कांहीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु जुन्या गोष्टींचा आदर कसा व कोठवर करावा, हा जो मोठा प्रश्न, त्याचाच हा एक भाग आहे. आणि तो आमच्या शाळेंतील मुलांपुढेंहि आज ना उद्यां येणारच. म्हणून त्याचा विचार या पृष्ठांतून करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें संगीत कोठून आलें तें पाहूं. अमेरिकेंतील रॉबर्ट मूग यांनीं १९६४ सालीं आपलें वाद्य लोकांपुढें मांडिलें, व १९७० सालीं मिनिमूग हें एका मनुष्यास सहज उचलून नेतां येईल असें लहान वाद्य निघालें. त्याच वर्षीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरीं राल्फ ह्यूटर व फ्लोरियान श्नायडर या दोघां तरुणांनीं क्राफ्टवेर्क हें मंडळ स्थापिलें. आणि १९७४ सालच्या ‘आउटोबान’ या ध्वनिमुद्रिकेंत त्यांनीं मोटारींच्या लांब सडकेचेंच गाणें केलें. पुढें हीं वाद्यें जसजशीं स्वस्त होत गेलीं, तसतशीं तीं इंग्लंडांतील साध्या घरच्या मुलांच्या हातीं पडलीं. शेफील्ड हें पोलादाचें गांव. तेथें ह्यूमन लीग हें मंडळ निघालें. लिव्हरपूलच्या पलीकडील विरल भागांतून अँडी मॅक्लस्की व पॉल हम्फ्रीज या मित्रांचें ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क, संक्षेपानें ओ. एम. डी., हें मंडळ १९७८ सालीं पुढें आलें. लंडनच्या पूर्वेस बॅझिल्डन या नव्यानें वसविलेल्या गांवीं १९८० सालीं डिपेश मोडचा जन्म झाला.

तो काळ इंग्लंडास सुखाचा नव्हता. १९८२ च्या आरंभीं तेथील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. ज्यांस गुरूजवळ बसून दहा वर्षें साधना करण्याची सवड नव्हती व ऐपतहि नव्हती, अशा मुलांनीं एका बोटानेंहि वाजवितां येईल असें यंत्र घेऊन आपल्या मनांतील गोष्ट बोलून दाखविली. डिपेश मोडच्या मूळ चौघांपैकीं व्हिन्स क्लार्क व अँडी फ्लेचर हे दोघे बॉइज ब्रिगेडमध्यें वाढलेले होते. ग्लासगो येथें १८८३ सालीं विल्यम स्मिथ यांनीं स्थापिलेला हा ख्रिस्ती बालसंघ मिशनच्या शाळांस अपरिचित नाहीं. तेव्हां ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल.

आतां या जलशांवरील पहिला आक्षेप घेऊं. तो असा कीं, येथें वाजविणारें यंत्र आहे, मनुष्य नव्हे. मग ध्वनिमुद्रिका घरीं ऐकिली काय आणि सभागृहांत जाऊन ऐकिली काय, सारखेंच. हा आक्षेप आजचा नाहीं. १९८२ सालीं ब्रिटनच्या वादकसंघाच्या मध्य लंडन शाखेनें सिंथेसायझर व तालयंत्रें यांवर बंदी घालावी असा ठराव केला होता. कारण या यंत्रांमुळें वादकांच्या पोटावर पाय येईल ही त्यांस भीति होती. ती भीति अगदींच निराधार होती असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. ओ. एम. डी. मंडळानें तर आरंभींच्या जलशांत ढोल वाजविणाऱ्या इसमाऐवजीं फितीवर आवाज सांठविणारें एक यंत्रच रंगमंचावर मांडिलें होतें, व त्याचें ‘विन्स्टन’ असें मनुष्यासारखें नांवहि ठेविलें होतें.

परंतु यंत्र म्हणून एखाद्या वाद्याचा तिरस्कार करण्यापूर्वीं आपण आपल्या घराकडे दृष्टि वळवावी. ज्या पेटीवांचून आज आमच्या मंडळ्यांतील उपासना अडते, ज्या पेटीच्या साथीनें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचीं भजनें गांवोगांव गाइलीं गेलीं, ती पेटी तरी कोठली? पॅरिसमध्यें १८४२ सालीं तिचें पेटंट घेतलें गेलें, व युरोपियन लोकांबरोबर ती या देशांत आली. तिच्यांत मींड निघत नाहीं, तिचे सूर ठराविक, ती परकी, असे दोष देऊन आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारांतून आंत घेतलें नाहीं. दोष खरे होते. तरी लोकांनीं पेटी सोडिली नाहीं. कारण भाता हालविणारा हात मनुष्याचा होता व तिच्याबरोबर गाणारा कंठ मनुष्याचा होता.

सिंथेसायझरचीहि गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. स्वरांचा क्रम आधीं यंत्रांत भरून ठेवितां येतो हें खरें, आणि तो क्रम यंत्र न चुकतां पुनःपुनः वाजवितें हेंहि खरें. तथापि पूर्वींचीं हीं वाद्यें इतकीं नाजूक असत कीं, दिव्यांच्या उष्णतेनें त्यांचे स्वर ढळत, आणि जलसा चालू असतां वादकांस ते पुनः जुळवून घ्यावे लागत. आतां संगणक आल्यामुळें ती अडचण राहिली नाहीं. पण गाणाराचा आवाज संगणकांत राहत नाहीं. विशींतील उंच स्वर साठींत लागत नाहीं. तेव्हां गायक पट्टी उतरवितो, किंवा ती ओळ श्रोत्यांवर सोंपवितो, आणि श्रोते ती उचलून धरितात. जलशांतील जीव असेल तर या देवघेवींत आहे. अमेरिकेंत पॅसाडीना येथील रोझ बोल या क्रीडांगणावर १९८८ च्या जून महिन्याच्या १८ तारखेस डिपेश मोडच्या जलशास साठ हजारांवर लोक जमले होते. तेथें एका गाण्याच्या वेळीं सर्व जमावानें दोन्ही हात वर करून वाऱ्यानें डुलणाऱ्या जोंधळ्याच्या शेताप्रमाणें हालविले. ही गोष्ट पुढें चित्रपटांत आली, आणि त्या गाण्यास हात हालविण्याची रीत पिढी बदलली तरी चालूच राहिली. ही रीत कोणत्याहि यंत्रांत भरून ठेविलेली नाहीं. एका श्रोत्याचें पाहून दुसरा ती शिकतो.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, व आम्ही तो हलका मानीत नाहीं. तो असा कीं, लोक येथें संगीतासाठीं येत नाहींत; आपण विशींत होतों त्या दिवसांची आठवण विकत घेण्यासाठीं येतात. हें कांहीं अंशीं खरें आहे. इस्राएल लोक अरण्यांत असतां मिसर देशांतील मांसाच्या हंड्या आठवून रडले, परंतु तेथील वेठबिगार विसरले. जुन्या काळाचें स्मरण असें निवडक असतें. १९८१ सालचें गाणें कानीं पडलें म्हणजे बेकारी व कारखान्यांच्या बंद झालेल्या दारांची आठवण होत नाहीं; आपले काळे केस तेवढे आठवतात. पूर्वींचे दिवस आजच्याहून बरे कां होते असें विचारणें शहाणपणाचें नव्हे, असा इशारा उपदेशकाच्या ग्रंथांत आहे, तो अशा मनुष्यासच उद्देशून असावा.

परंतु त्याच पवित्र शास्त्रांत यार्देन नदींतून उचलून आणिलेल्या बारा धोंड्यांचीहि हकीकत आहे. हे धोंडे कशाचे, असें मुलांनीं पुढें विचारावें व वडिलांनीं त्यांस सांगावें, यासाठीं ते उभे केले गेले. म्हणजे स्मरण दोन प्रकारचें असतें. एक आपल्यापाशींच थांबतें व मागें ओढतें. दुसरें पुढील पिढीस कांहीं सांगण्यासाठीं असतें. जलशास जाणारानें आपलें स्मरण यांपैकीं कोणतें, हें स्वतःस विचारावें. ओ. एम. डी. चें १९८० सालचें ‘एनोला गे’ हें गाणें घ्या. चाल इतकी उल्हासाची कीं पाय आपोआप ठेका धरितात. पण हें नांव १९४५ च्या ऑगस्ट महिन्याच्या ६ तारखेस हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकणाऱ्या विमानाचें आहे. बापाबरोबर आलेल्या मुलानें हें नांव कशाचें असें विचारिलें, आणि बापानें त्यास तें खरें खरें सांगितलें, तर त्या तिकिटाचे पैसे आम्ही वायां गेले म्हणणार नाहीं.

आणखी एक कसोटी आहे. या जलशांत गायक नवें गाणें गाऊं लागला कीं कित्येक श्रोते पाठ फिरवून पेय आणावयास जातात. हा प्रकार आम्हांस अन्यायाचा वाटतो. गायक म्हणजे आपल्या तारुण्याच्या दप्तराचा कारकून नव्हे. ओ. एम. डी. चे दोघे मित्र १९८९ सालीं विभक्त झाले व २००६ सालीं पुनः एकत्र आले; नंतर त्यांनीं नवीन रचना केल्या, आणि २०२३ सालची त्यांची ‘बौहाउस स्टेअरकेस’ ही मुद्रिका ब्रिटनच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर गेली. ह्यूमन लीगच्या फिलिप ओकी यांनीं १९८० सालीं शेफील्डमधील शाळेंत शिकणाऱ्या जोअॅन कॅथरल व सुझन अॅन सली या दोन मैत्रिणींस आपल्या मंडळांत घेतलें. १९८१ सालीं त्यांची ‘डेअर’ ही मुद्रिका गाजली, आणि त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या दोघी त्यांच्या बाजूस उभ्या राहून गात आल्या आहेत. एवढा काळ एकमेकांस धरून राहिलेल्या माणसांचें आजचें म्हणणें ऐकून घेण्याइतका धीर श्रोत्यांनीं दाखवावा, ही मागणी मोठी नव्हे.

प्रत्यक्ष जाण्याचें सर्वांत बळकट कारण मात्र आम्हांस वेगळेंच दिसतें. क्राफ्टवेर्कचे श्नायडर २०२० सालीं वारले. ज्यांचा जन्म १९४६ चा, ते ह्यूटर २०२५ सालींहि गांवोगांवचे जलसे करीत होते. नॉर्वेच्या आ-हा मंडळाचे गायक मॉर्टन हार्केट यांस कंपवाताचा विकार जडल्याचें २०२५ सालीं जाहीर झालें. डिपेश मोडचे फ्लेचर २०२२ च्या मे महिन्यांत साठाव्या वर्षीं वारले. मागें राहिलेल्या दोघांनीं पुढील वर्षीं ‘मेमेंटो मोरी’ ही मुद्रिका काढिली. या लॅटिन शब्दांचा अर्थ आपणांस मरावयाचें आहे याची आठवण ठेव, असा आहे. आणि हें नांव फ्लेचर जिवंत असतांनाच ठरलें होतें. नंतरच्या जलशांत एक गाणें त्यांच्या नांवें म्हटलें जाई, व पाठीमागील पडद्यावर त्यांचें चित्र दिसे. ध्वनिमुद्रिका शंभर वर्षें टिकेल. मनुष्य टिकत नाहीं. ज्याचे उपकार आपण मनांत बाळगतों, त्यास त्याच्या हयातींत समोर जाऊन तें कळविणें, याला आम्ही कृतज्ञता म्हणतों.

या बाबतींत आपल्या मुंबईची एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं जपानच्या रोलंड कंपनीचीं यंत्रें घेऊन दहा राग त्यांवर बसविले व त्यांची ध्वनिमुद्रिका काढिली. त्या वेळीं तिची कोणीं फारशी दखल घेतली नाहीं. २०१० सालीं ती पुनः प्रसिद्ध झाली, तेव्हां परदेशच्या रसिकांस आश्चर्य वाटलें, व सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांस त्यांनीं युरोपांत बोलावून आदरानें ऐकिलें. २०१५ सालीं ते मुंबईंतच वारले. त्यांस ऐकण्यास मुंबईकरांस समुद्र ओलांडावा लागला नसता.

पैशांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. या जलशांचा व्यापार मोठा आहे, व आठवणीचा भाव चढा असतो हें व्यापाऱ्यांस पक्कें ठाऊक आहे. कर्ज काढून किंवा घरच्यांच्या गरजा मारून कोणीं तिकीट घ्यावें असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. ज्यास परवडतें त्यानें जावें. शक्य तर आपल्या मुलामुलीस बरोबर न्यावें. नव्या गाण्यास जागेवरच उभें राहावें. आणि सबंध वेळ हातांतील दूरध्वनीनें चित्रें घेण्यांत न घालवितां कानांनीं ऐकावें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस शेफील्डचे किंवा ड्युसेलडॉर्फचे गायक प्रत्यक्ष ऐकावयास मिळणार नाहींत. त्यांत मोठी हानि नाहीं. परंतु त्यांच्या स्वतःच्या मंडळींत एखादे वृद्ध कीर्तनकार असतील, टिळकांच्या भजनांच्या जुन्या चाली ज्यांस अजून येतात अशा एखाद्या आजीबाई असतील. त्यांचा आवाज आतां कांपतो, म्हणून नाताळच्या कार्यक्रमांत त्यांचें नांव मागें पडतें. या सुटींत विद्यार्थ्यांनीं त्यांच्याकडे जावें, त्यांस गावयास सांगावें, आणि ती चाल त्यांच्यासमोर बसून शिकून घ्यावी. पुढील वर्षाच्या अंकांत अशी एखादी चाल कोणीं लिहून पाठविली, तर ती छापण्यास आम्हांस आनंद वाटेल.