कूलरमधले तीन विषय

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले. आमच्या धामणगाव रेल्वेत त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा उन्हात शेजारची सून डोक्यावरून पदर घेऊन, हातात जाडजूड पुस्तक घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, मले हे विज्ञान काही जमत नाही वो. सकाळी पाठ केलं का संध्याकाळी इसरते."

पोरीने रेल्वेच्या भरतीचा फॉर्म भरला आहे. लेव्हल-१ म्हणतात ती, पूर्वी जिला ग्रुप डी म्हणत. दहावी होऊन बारा वर्षे झाली. मग लग्न, दोन मुले. मालक दुकानात कामाला. त्या पगारात महिना सरत नाही, आणि वयाची मर्यादा पुढच्या वर्षी संपते. म्हणजे ही एकच संधी. त्या परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांतले २५ सामान्य विज्ञानाचे. ते २५ सोडून कसे चालेल?

तिच्यामागून तिच्या सासूबाईही आल्या. "सांगा वो बाई तुम्हीच हिले. घरचं काम टाकून कायले एवढं वाचून राह्यली? आता या वयात का कलेक्टर होणार हाय?"

मी दोघींनाही कूलरसमोर बसवले, थंड पाणी दिले आणि सुनेला म्हटले, "पुस्तक मिटव. आज कूलरच वाचू."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, तेव्हाही हेच सांगत असे. पाठ केलेले विसरते, पाहिलेले विसरत नाही. आपल्या वऱ्हाडातला हा पत्र्याचा कूलर म्हणजे पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांचे पुस्तक आहे. कसे ते पाहा.

पहिला विषय, गारवा. कूलरच्या ताट्या ओल्या असतात. पंखा बाहेरची कोरडी, तापलेली हवा त्यांतून ओढतो. ताट्यांमधल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता पाणी त्या हवेतूनच घेते. हवा गार होते. हेच बाष्पीभवन. ही उष्णता थोडीथोडकी नसते बरे का! १ ग्रॅम पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. पण त्या उकळत्या १ ग्रॅमची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात, आणि तेवढ्या वेळात तापमान एक अंशही वाढत नाही. म्हणून पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. काही पुस्तकांत सुप्त उष्मा असेही लिहिलेले असते. दोन्ही एकच, गोंधळू नका. माठातले पाणी गार होते ते यानेच, आणि तापात कपाळावर ओली पट्टी ठेवतो तीही याचसाठी.

मग मी सासूबाईंना विचारले, "का वो, पोळ्याच्या दिवसांत तुमचा कूलर गार हवा देते का?"

"छट्! उलट अंग चिपचिप करते," त्या म्हणाल्या. "हवेतच पाणी भरून राहते. ते आणखी कितीक घेईन?"

मी सुनेकडे पाहिले. "झाले उत्तर! हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर आणखी किती मावेल ते ठरते. याचे नाव सापेक्ष आर्द्रता. तुझ्या सासूबाईंना कारण ठाऊक आहे, परीक्षेला फक्त नाव हवे." सासूबाई पहिल्यांदा हसल्या. खोलीची एक खिडकी उघडी का ठेवायची, तेही त्यांनीच सांगितले. दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर चालून उपयोग काय?

आता वीज. कूलरवर २०० वॉट लिहिले असेल तर तो ५ तासांत १००० वॉट-तास, म्हणजे १ युनिट वीज खातो. हे गणित परीक्षेत हमखास येते आणि बिल तपासायलाही कामी पडते. मग मी तीन पिनांचा प्लग दाखवला. वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची, तिची तार हिरवी. ती लांब असते म्हणून प्लग लावताना आधी तीच जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. कूलरच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. तार नसेल तर ती वीज हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून जाते. ओल्या अंगाचा विद्युतरोध कमी, म्हणून ओल्या हाताला, अनवाणी पायाला धोका जास्त.

सून एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, आमच्या कूलरले तं दोनच पिना हायेत."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच काल पाणी टाकताना हाताले झिणझिण्या आल्या वाटते मले. मी म्हटलं, वात असन."

मी त्या दोघींना तशीच घरी पाठवली. आधी बटण बंद, मग प्लग काढा, तोवर कूलरला कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी वायरमन आला. त्याने तीन तारांची वायर बसवली, घराचे अर्थिंगही सैल निघाले ते नीट करून दिले. मैत्रिणींनो, उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. आजच आपल्या कूलरचा प्लग बघा. पाणी भरताना तो काढूनच ठेवा. कोणाला शॉक लागलाच तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला सारा.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा आल्या. सासूबाईच पुढे होत्या!

दुसरा विषय, ताट्यांवरचा पांढरा थर. पाण्याची वाफ होते, पण त्यात विरघळलेले क्षार उडून जात नाहीत, ते मागे राहतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार ज्या पाण्यात जास्त, ते जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. लिंबातले सायट्रिक आम्ल आणि कार्बोनेट यांच्या क्रियेतून निघालेला तो कार्बन डायऑक्साइड. जुना माठ पाणी गार का करत नाही, तेही यातच आले. त्याची बारीक छिद्रे याच क्षारांनी बुजतात. दर्यापूरकडच्या मैत्रिणींना मी काय सांगावे? पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारट. हा धडा त्या रोज कपडे धुताना गिरवतात.

आणि कूलरच्या तळाचा गंज? लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी, तिन्ही एकत्र आले की गंज. गंजल्यावर लोखंडाचे वजन वाढते, कारण त्यात ऑक्सिजन आणि पाणी जाऊन मिळते. हा प्रश्न फसवा असतो. पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देतात. पितळी भांड्याला कल्हई करतात ती मात्र कथिलाची. जस्त आणि कथील यांची अदलाबदल करून मुली गुण घालवतात.

तिसरा विषय कूलरच्या टाकीत. स्वच्छ साचलेले पाणी म्हणजे एडिस डासाचे माहेरघर. हा दिवसा चावतो, आणि डेंग्यू व चिकुनगुनिया पसरवतो. अंडी, अळी, कोष, डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. काथ्याने कडा घासून काढा. परीक्षेसाठी तिघांची नावे लक्षात ठेवा. मलेरिया पसरवते ॲनाफिलिसची मादी, हत्तीपाय पसरवतो क्युलेक्स, डेंग्यू एडिस. डेंग्यू विषाणूने होतो, मलेरिया प्लाझमोडियम या आदिजीवाने. मलेरियाचा जंतू डासात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला दाखवले आणि १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले.

आता परीक्षेचे दोन शब्द. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. म्हणजे तीन उत्तरे चुकली की एक बरोबर उत्तर गेले. चार पर्यायांत डोळे मिटून टिचकी मारली तर सरासरी हाती शून्यच येते. पण कारण ठाऊक असेल तर एक-दोन पर्याय खात्रीने बाद करता येतात. मग मात्र उत्तर देण्यात फायदा आहे. कारण समजून वाचायचे ते याचसाठी. फॉर्ममध्ये नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर त्याचे कागद आधीच जमवून ठेवा. ऐनवेळी तिथेच गाडी अडते.

लेखी परीक्षेनंतर शारीरिक चाचणी असते. स्त्रियांना २० किलो वजन घेऊन १०० मीटर अंतर २ मिनिटांत जावे लागते, आणि १००० मीटर ५ मिनिटे ४० सेकंदांत धावावे लागते. हे ऐकून सून घाबरली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "वीस किलो म्हणजे किती वो?"

१ लिटर पाणी १ किलो. २० लिटरचा भरलेला डबा २० किलो.

"मंग त्यात का हाय? रोज कूलरमंदी तीच तं टाकते!" सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून सुनेला म्हणाल्या, "धावाचं तेवढं पाहा लागन. सकाळी पाच वाजता उठत जाय. पोरांचे डबे मी करतो."

आता रोज दुपारी त्या घरात कूलरसमोर सासू प्रश्न विचारते आणि सून उत्तर देते. उत्तर चुकले तर सासूबाई विचारतात, "कायनं?" त्या एका शब्दाइतका चांगला शिक्षक मी पाहिला नाही.

तुमच्यासाठी आजचे पाच प्रश्न:

१. कूलर पावसाळ्यात कमी गारवा का देतो?
२. २०० वॉटचा कूलर १० तास चालला तर किती युनिट?
३. गंजल्यावर लोखंडाचे वजन वाढते की घटते?
४. कल्हईत कोणता धातू असतो?
५. डेंग्यू कशामुळे होतो, विषाणू की आदिजीव?

उत्तरे वर आलीच आहेत. न बघता लिहा, मग ताडून पाहा. पुढच्या आठवड्यात आपण स्टेशनवर जाऊ. रुळांच्या सांध्यात फट का ठेवत, आणि आता ती फारशी का दिसत नाही, ते पाहू. तोवर कूलरचा प्लग बघायला विसरू नका.