घातांकांची कैफियत

शालेय बीजगणितात ‘सरळ रूप द्या’ या आज्ञेखाली जी उदाहरणे घातली जातात, ती सोडविताना विद्यार्थ्याच्या हाताला जितकी सवय लागते तितकी त्याच्या बुद्धीला समज येत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. पाया समान असता गुणाकारात घातांकांची बेरीज करावी, भागाकारात वजाबाकी करावी, घाताचा घात घेताना घातांकांचा गुणाकार करावा आणि घातांक शून्य असल्यास उत्तर एक मानावे, हे नियम बादशाही फर्मानासारखे फळ्यावर उतरतात आणि मुले ते निमूटपणे वहीत घेतात. मग जो विद्यार्थी अ-वर्ग आणि अ-घन यांचा गुणाकार बिनचूक करतो, तोच त्यांची बेरीज समोर येताच तिलाही अ चा पाचवा घात ठरवून मोकळा होतो. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? घातांक म्हणजे एकच राशी गुणाकारात किती वेळा आली याची नोंद, एवढे मूळ त्याच्याकडून कधी लांबलचक लिहवूनच घेतलेले नसते.

वस्तुतः ही नोंदही एका दिवसात सिद्ध झालेली नाही. भास्कराचार्यांनी अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ म्हणून तिचा वर्ग ‘याव’ आणि घन ‘याघ’ अशा आद्याक्षरांनी दर्शविला. अक्षराच्या माथ्यावर लहान अंक बसविण्याची पद्धत रूढ केली ती देकार्तने, १६३७ च्या आपल्या भूमितिग्रंथात. गंमत अशी की, वर्गासाठी तो स्वतः पुष्कळदा अक्षरच दोनदा लिहीत असे. तेवढ्यासाठी अंकाची मातब्बरी त्यालाही वाटली नसावी! ऋण आणि अपूर्णांक घातांक त्यानंतर वॉलिस व न्यूटन यांच्या लेखनातून स्थिरावले.

खरी अडचण शून्य घाताची. अ ला शून्य वेळा गुणले म्हणजे काय, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि म्हणूनच बहुतेक वर्गांत तो विचारू दिला जात नाही. परंतु दोनाचे घात उतरत्या क्रमाने १६, ८, ४, २ असे मांडले, तर प्रत्येक पायरीवर घातांक एकाने घटतो आणि संख्या निम्मी होते. हाच क्रम अखंड चालू ठेवायचा तर शून्याच्या पायरीवर १ आणि त्याखाली अर्धा येणे अपरिहार्य ठरते. अ-घनाला अ-घनाने भागले तर भागाकार एक, आणि वजाबाकीच्या नियमाने घातांक शून्य: या दोन्ही गोष्टींचा मेळ राहावा म्हणून ती किंमत एक मानली गेली. अ शून्य असेल तर हा भागाकारच होत नाही, म्हणून तेवढा अपवाद नियमातच नोंदवावा लागतो, आणि नेमकी हीच अट फळ्यावरून वारंवार गळते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, सरळ रूपाच्या दहा उदाहरणांतील एक कमी करून त्याजागी शून्य घाताची किंमत एक का, हे विचारावे, आणि कारण स्वतःच्या शब्दांत देणाऱ्यास पुरे गुण द्यावेत.